प्रेनाआजीचा शाप

मतदानाच्या दिवशी आमचं गाव उजाडायच्या आधीच नाचायला लागायचं. शाळेच्या अंगणात ढोल सुरू व्हायचा, बायका पेटीत जपून ठेवलेले लोकरी घागरे काढायच्या, आणि वरच्या वाडीपासून खालच्या वाडीपर्यंत माणसं अंधारात एकमेकांना हाका मारत उतरायची. कारण ती शर्यत होती. ज्या गावाचं मतदान सगळ्यांच्या आधी शंभर टक्के पुरं होईल, त्याला जिल्ह्याचा लाल झेंडा मिळायचा. मागच्या खेपेला तो ओढ्यापलीकडच्या गावाने नेला होता, आणि नेताना मुद्दाम आमच्या कुरणातून, गाणी म्हणत नेला होता. आमच्या गावचा पक्ष-सचिव मराश ही गोष्ट विसरला नव्हता.

मतपत्रिकेवर नाव एकच असायचं. तिची घडी घालायची आणि पेटीत टाकायची, एवढंच काम. पडद्यामागे जाऊन विचार करण्याचीही सोय होती, पण पडद्यामागे गेलेलं माणूस मी अल्बानियात कधी पाहिलं नाही. पडदा मात्र दर वेळी धुऊन, इस्त्री करून लावायचा असे. ते काम माझ्याकडे होतं, कारण मी त्या गावची शिक्षिका होते आणि मतदान माझ्याच वर्गात व्हायचं.

त्या वसंतात द्रांदेचं पहिलं मत होतं. झेफ आणि वितोरे यांची ती एकुलती एक मुलगी. अक्षरं गिरवायला शिकवली तेव्हापासून मी तिला ओळखत होते. हजारात एखादंच मूल असं असतं की ज्याला शिकवताना आपणच नीट शिकतो. आता ती सेक्टरच्या, म्हणजे आसपासच्या गावांच्या मिळून असलेल्या, माध्यमिक शाळेत शेवटच्या वर्षाला होती आणि तिला डॉक्टर व्हायचं होतं. गुण भरपूर होते. पण आमच्याकडे पुढचं शिक्षण गुणांवर मिळत नसे. तो हक्क गावाने सुचवायचा, जिल्ह्याने द्यायचा, आणि देण्याआधी घराण्याचा इतिहास बघायचा. द्रांदेच्या घराण्याच्या इतिहासात तिचा काका होता. झेफचा धाकटा भाऊ लाझर, द्रांदे जन्मायच्याही आधी, एका हिवाळ्यात डोंगर ओलांडून सरहद्दीपार गेला होता. त्याबद्दल झेफ, वितोरे आणि झेफची म्हातारी आई प्रेनाआजी यांनी दक्षिणेकडच्या दलदलीत चर खणत काही वर्षं काढली. मग परत येऊ दिलं. पण लाझर त्या घरातून कधी गेलाच नाही, असं म्हणायला हरकत नाही. खत वाटायचं असो, लग्न ठरवायचं असो, आधी लाझरची आठवण निघायची.

त्या पहाटे मराशने द्रांदेला लाल फूल दिलं. "कॉम्रेड द्रांदे, पहिलं मत! जोरात टाक गं, पेटीला कळलं पाहिजे!" सगळे हसले. तिने मत टाकलं आणि बाहेर जाऊन बायकांच्या रिंगणात नाचू लागली. मी खिडकीतून पाहत होते. पोरीचे पाय ढोलावर बरोबर पडत होते, पण चेहरा फळ्यासारखा कोरा होता. मला वाटलं, झोप झाली नसेल.

सूर्य डोंगरावर यायच्या आत सगळ्यांची मतं झाली. एकच राहिलं. प्रेनाआजी हिवाळ्यापासून अंथरुणाला खिळलेली होती, तेव्हा पेटी तिच्या घरी न्यायची हे आधीच ठरलेलं होतं.

"चला बाई, लवकर," मराश म्हणाला. "पलीकडच्यांचा ढोल थांबलाय. ते तरी संपवून बसलेत, नाहीतर त्यांच्या ढोलाचं कातडं फाटलंय."

"फाटलंच असेल," ढोलवाला ग्योक म्हणाला. "त्यांना ढोल वाजवता येत नाही, बडवता येतो."

पेटी मराशने घेतली, मतपत्रिका मी, आणि ग्योक ढोल गळ्यात अडकवून पुढे. झेफ दारातच उभा होता. त्याने राकीचा ग्लास पुढे केला. अर्धी दारू उंबऱ्यावर सांडली.

"आई जरा थकलीय," तो म्हणाला. "फार बोलायला लावू नका."

"बोलायला कोण लावतंय? मत टाकायचंय, भाषण नाही," असं म्हणत मराश आत शिरला. ग्योकला बाहेरच थांबायला सांगितलं. पेटीत मत पडलं की खिडकीतून खूण करायची, आणि त्याने ढोल वाजवायचा.

आत पाऊल टाकलं आणि उकाड्याने मला गुदमरल्यासारखं झालं. वसंत लागला होता, तरी चुलीत ओंडकेच्या ओंडके पेटवले होते. आजीला उशा लावून बसवलं होतं. डोक्याला पांढरा रुमाल हनुवटीखाली घट्ट बांधलेला. वितोरे तिच्या शेजारी, सासूच्या खांद्यामागून हात टाकून बसली होती. आजीचे डोळे मिटलेले होते.

"आजी, मत आणलंय तुमचं," मी म्हटलं. मी त्यांच्याशी नेहमी असंच हसून बोलायचे, आणि त्या नेहमी म्हणायच्या, "या मास्तरीणबाई, मला कधी शिकवणार वाचायला?" आज काहीच उत्तर आलं नाही. मी मतपत्रिकेची घडी घातली आणि त्यांच्या बोटांत द्यायला हात हातात घेतला.

तो हात ओढ्यातल्या दगडासारखा गार होता. आणि ताठ.

मी वितोरेकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती. तिच्या चेहऱ्यावरून घाम वाहत होता आणि ती पापणी लववत नव्हती. मी मराशकडे पाहिलं. त्याने आजीकडे एकदा पाहिलं, मग चुलीकडे, मग हातातल्या पेटीकडे. त्याला कळलं होतं. त्याने खोटंखोटं खोकून घसा साफ केला.

"दमल्यात आजी," तो म्हणाला. "डोळा लागलाय. बाई, जरा मदत करा त्यांना."

मी ती घडी आजीच्या बोटांच्या फटीत सरकवली. मराशने पेटी वर उचलून थेट त्या हाताखाली धरली. मी कागद ढकलला. तो आत पडला, आणि कागद पडल्याचा आवाज इतका मोठा येतो हे मला त्या दिवशी कळलं.

"अभिनंदन, कॉम्रेड प्रेना," मराश म्हणाला. पेटी त्याने डाव्या काखेत घेतली. उजव्या हाताचा अंगठा छातीवर किंचित हलला, खाली, मग आडवा, क्रूस काढावा तसा. आणि लगेच त्याने बटण चाचपल्यासारखं केलं. गावातलं चर्च बंद करून त्यात मक्याचं कोठार करण्याचा ठराव ह्याच माणसाने मांडला होता. मग त्याने खिडकीतून हात केला. बाहेर ग्योकने ढोल वाजवायला सुरुवात केली.

मराश आणि ग्योक जिल्ह्याला कळवायला टेलिफोनकडे धावले. मी मागे राहिले.

"कधी?" मी विचारलं.

"मध्यरात्रीच," वितोरे म्हणाली. "पहिला ढोल वाजायच्या कितीतरी आधी." तिने सासूला हळूच उशीवर टेकवलं आणि तेव्हा कुठे तिच्या हाताला रक्त पोचलं असावं. ती तो हात चोळत राहिली.

"आणि द्रांदे?"

"तिला माहीत होतं. ह्यांनी सांगितलं, जा, नाच. आपल्या घरचं कुणी नाचात नसलं तर नजरेत येईल."

मी झेफकडे वळले. "अरे पण का? सरळ सांगायचं होतं! माणूस गेलं की त्याचं नाव मतदारांतून वगळतात. मतदार एक कमी धरतात, टक्के कमी होत नाहीत. शंभर ते शंभरच राहिले असते."

झेफ माझ्याकडे बघतच राहिला. "वगळतात?"

"हो. माझ्याच हाताने वगळलं असतं मी."

तो मटकन खाली बसला. "मला वाटलं, बाई... मला वाटलं ते म्हणतील, लाझरची आई. मत द्यायचं टाळायला मुद्दाम मेली."

दुसऱ्या कुठल्या देशात हे ऐकून कुणीतरी हसलं असतं. मला हसू आलं नाही, कारण असं म्हणणारी माणसं मी पाहिली होती. कुणाचं दूध नासलं तरी त्यांना त्यात कुणाचा तरी हेतू दिसायचा. झेफने काही वेड्यासारखं केलं नव्हतं. त्याने फक्त एका भीतीचा हिशेब चुकीचा केला होता. आणि आता पेटीत एका मेलेल्या बाईचं मत पडलं होतं, आणि ते पाडणाऱ्यांत पक्षाचा सचिव होता.

"शेवटी काही बोलल्या?" मी वितोरेला विचारलं. असं आपल्याकडे विचारतातच.

तिने दाराकडे पाहून आवाज उतरवला. "म्हणाल्या, दार उघड गं, लाझर बाहेर थंडीत उभा आहे. मी उठून उघडलं. म्हटलं, उघडलं बघा आई. तर म्हणाल्या, मग आता त्याला काही खायला घाल. आणि संपलं."

दुपारच्या आत जिल्ह्याचे कॉम्रेड बेद्री जीपमधून झेंडा घेऊन आले. आम्ही पहिले आलो होतो. मराशने त्यांना अंगणातच सांगितलं की सगळ्यात वृद्ध मतदार प्रेनाआजी मत दिल्यावर तासाभरात वारल्या. हे त्याने एवढ्यासाठी सांगितलं की बातमी आपल्या तोंडून गेलेली बरी. पुढे काय होईल ह्याचा त्याला अंदाज नव्हता. बेद्रींनी टोपी काढली. त्यांचे डोळे खरोखर ओले झाले.

"मत देऊन मग गेल्या?" ते म्हणाले. "अरे मराश, ही काय साधी गोष्ट आहे? चल, मला घर दाखव."

जीपमधून सेक्टरचा पुरुष-नर्सही आला होता, कोवळा पोरगा. मृत्यूची वेळ लिहायला त्याने आजीचा जबडा, कोपर दाबून पाहिलं, आणि गोंधळून वर बघितलं.

"किती वाजता गेल्या म्हणालात?"

"मत दिल्यावर," मराश म्हणाला.

"पण हे अंग तर..."

"तू नवा आहेस ना रे?" मराशने प्रेमाने विचारलं. "डोंगरातली माणसं लवकर ताठतात. हवा थंड असते इथली."

पोरगा त्या भट्टीसारख्या खोलीत उभा होता आणि त्याच्या कपाळावरून घाम गळत होता. त्याने पेन काढलं आणि सांगितली ती वेळ लिहिली.

बेद्री झेफच्या शेजारी बसले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मला ते वाईट माणूस वाटले नाहीत, आणि ह्याचीच मला जास्त भीती वाटली.

"आईचे शेवटचे शब्द काय होते, झेफ?"

वितोरेने रुमालाच्या टोकाशी चाललेला चाळा थांबवला. मराश मध्ये पडला, "म्हणाल्या, आता मी शांतपणे जाईन."

"आणि त्या दुसऱ्या मुलाबद्दल? पळालेल्या?"

चुलीत ओंडका फुटला.

"बोलल्या असणार," बेद्री स्वतःशीच म्हणाले. "आई आहे. शेवटच्या घटकेला मुलाबद्दल बोलल्याशिवाय कशी जाईल? आणि जिने शेवटचं बळ पक्षासाठी वेचलं, ती त्याला काय म्हणाली असेल? शापच दिला असेल. दिला ना, झेफ?"

झेफने मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, मला अजून सांगता येणार नाही. बेद्रींनी होकार घेतला.

मग त्यांनी सगळं ठरवून टाकलं. उद्या दफन सन्मानाने व्हायचं. झेंडा, शाळेची मुलं, जिल्ह्याच्या वर्तमानपत्राचा माणूस. नात बोलणार. नव्या पिढीच्या तोंडून आजीचा तो शाप सगळ्या खोऱ्याने ऐकायचा. जाताना त्यांनी द्रांदेच्या डोक्यावर हात ठेवला. "डॉक्टर व्हायचंय ना तुला? असं घर असल्यावर कोण अडवतंय बघू. तुझ्या कागदावर मी स्वतः सही करीन, बाळ."

एवढ्या वर्षांचा डाग एका सकाळीत पुसला जाणार होता. त्यासाठी त्या पोरीने फक्त चार वाक्यं बोलायची होती.

पण आमच्या डोंगरात ती वाक्यं साधी नव्हेत. चर्च बंद झालं, घंटा वितळवली, पण आईचा शाप कुणाला बंद करता आला नव्हता. मरताना आईने दिलेला शाप मुलाच्या हाडापर्यंत जातो, असं तिथे लहान पोरसुद्धा मानतं. तो परत घ्यायचा तर दिला तिनेच घ्यायचा. ती गेली की तो कायमचा. आणि न दिलेला शाप मेलेल्या बाईच्या तोंडात घालणं, ह्याला तर आमच्याकडे शब्दच नव्हता. असं पूर्वी कुणी केलंच नव्हतं.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. बायका रडून, कडू कॉफी पिऊन निघून गेल्या होत्या. घरात तिघंच होती, आणि आतल्या खोलीत आजी.

"लाझर जिवंत तरी असेल का?" झेफ बोलत होता. "एवढ्या वर्षांत कागदाचा कपटा नाही. मेलेल्याला शाप लागत नाही."

"आणि जिवंत असेल तर?" वितोरे म्हणाली.

"असेल तर असेल! त्याने आपला विचार केला होता? मी त्याच्यापायी पाच वर्षं कमरेएवढ्या चिखलात उभा राहिलो. माझी पोर त्याच्यापायी जन्मभर मका सोलणार?"

"पोरीचं मलाही कळतं. पण त्या बाईने मला सांगितलं, त्याला खायला घाल. आणि उद्या आपण लोकांपुढे म्हणायचं, तिने शाप दिला? तुमची आई आहे हो ती. आत आहे अजून. ऐकतेय."

"मग काय करू, सांग! उद्या पोरगी गप्प राहिली तर तो विचारेल, का गप्प? मग नर्सला विचारेल. मग पेटी उघडून विचारतील, बाई, हे मत कुणी टाकलं?" त्याने माझ्याकडे हात केला. "ह्या बाईंचं काय होईल? मराशचं? आपण तर गेलोच. पुन्हा त्या चिखलात."

त्या खोलीत माझं म्हणून काही सांगण्यासारखं नव्हतं, आणि त्याचं खोटं नव्हतं.

द्रांदे कोपऱ्यात गुडघे जवळ घेऊन बसली होती. "बाई," तिने विचारलं, "शाप दिलाच नसेल आणि कुणी म्हटलं की दिला, तर तो लागतो कुणाला?"

वर्गात ती असेच प्रश्न विचारायची, ज्यांची उत्तरं पुस्तकात नसतात. मला मुलांना "माहीत नाही" असं सांगायची कधी लाज वाटली नाही. "माहीत नाही, बाळ," मी म्हटलं. "पण मला वाटतं, म्हणणाऱ्याला तो विसरता येत नाही."

"द्रांदे, मला एवढं बघू दे," झेफ एकदम हळू आवाजात म्हणाला. "तुला पांढऱ्या कोटात एकदा बघू दे. मग मला काहीही लागो."

ती काहीच बोलली नाही. वितोरे तिच्याकडे बराच वेळ बघत होती.

दुसऱ्या दिवशी सगळं खोरं लोटलं. ओढ्यापलीकडचं गावही आलं, हरल्याचा राग चेहऱ्यावर घेऊन. माझी शाळेची मुलं लाल रुमाल बांधून रांगेत उभी होती. पाद्री नाही, क्रूस नाही, शवपेटीवर झेंडा. ती खड्ड्यापाशी ठेवल्यावर बेद्री बोलले, चांगलं बोलले. मग त्यांनी द्रांदेला पुढे बोलावलं.

ती पुढे आली. शिकवल्यासारखी ताठ उभी राहिली. "माझी आजी," तिने सुरुवात केली, "शेवटच्या दिवशीही मतदानात मागे राहिली नाही." बेद्रींनी मान डोलावली. "ती शांतपणे गेली," द्रांदे म्हणाली. आणि थांबली.

वारा होता. झेंड्याचं कापड फडफडत होतं. वर्तमानपत्राच्या माणसाने पेन कागदावर टेकवून ठेवलं होतं.

"आणि त्या गद्दाराबद्दल ती काय म्हणाली?" बेद्रींनी मदत करावी तसं विचारलं.

द्रांदेने तोंड उघडलं. मला तिचा चेहरा दिसत होता. फळ्यावर चुकीचं गणित असलं की ती असाच चेहरा करायची, आणि मग हात वर करायची.

"पोरगी तेव्हा तिथे नव्हती!"

आवाज वितोरेचा होता. ती बायकांतून वाट काढत पुढे आली आणि मुलीला खांद्याने बाजूला सारून खड्ड्याच्या काठावर उभी राहिली. "ती शाळेत नाचत होती. आजीजवळ मी होते. ऐकलं ते मी. मी सांगते."

"आई," द्रांदे म्हणाली.

"गप्प बैस तू. मोठ्यांच्या गोष्टी आहेत." मग तिने बेद्रींकडे नाही, गावाकडेही नाही, समोर डोंगराच्या धारेकडे तोंड केलं. काल जिने सासूच्या शब्दासाठी नवऱ्याशी भांडण काढलं होतं, ती हीच बाई, हे मला खरं वाटेना. आवाज कापत नव्हता. "ती म्हणाली, लाझर, मी तुला पाजलेलं दूध तुझ्या हाडांत विष होवो. तुला माती न मिळो. तुझ्या पोरांना तुझी भाषा न येवो, आणि म्हातारपणी तू त्यांना पाणी मागशील तेव्हा त्यांना तू काय मागतोस ते न कळो. ती म्हणाली, मी तुला जन्म दिला तो परत घेते."

असं काही तिला कुणी लिहून दिलं नव्हतं. बेद्रींना चार वाक्यं हवी होती, गद्दार, पक्ष, देश, असली. हे त्यांनी मागितलं नव्हतं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, आणि तोंडातून शब्द निघायला वेळ लागला. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या बाईने माझं मनगट इतकं आवळलं की नखं रुतली. मराश जमिनीकडे बघत होता.

मग बेद्रींनी टाळी वाजवली. काय करावं ते न सुचल्याने वाजवली असेल. आमच्याकडे एकाने टाळी वाजवली की सगळ्यांनी वाजवायची, आणि आधी थांबायचं कुणी नाही. माझ्या लहान मुलांनी वाजवली, पलीकडच्या गावाने वाजवली. उघड्या खड्ड्याभोवती सगळं खोरं टाळ्या वाजवत होतं. झेफ वाजवत होता, आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मी वाजवत होते. वितोरेचे हात तेवढे खाली होते.

परतताना द्रांदे माझ्याबरोबर मागे राहिली. कोठाराच्या वळणावर ती थांबली.

"मी म्हणणार नव्हते, बाई."

"काय म्हणणार होतीस?"

"म्हणणार होते, आजी काहीच बोलली नाही. तोंड उघडलं होतं मी. शब्द जिभेवर होता."

"आणि डॉक्टर व्हायचं?"

"व्हायचं होतं ना." तिने लाल फूल लावलेला तोच अंगरखा घातला होता, फूल कधीच गळून गेलं होतं. "मला व्हायचं होतं. आणि मी म्हणणार नव्हते. दोन्ही खरं होतं. आईने मला काही करूच दिलं नाही."

मी तिला घरापर्यंत सोडलं. वितोरे चुलीपाशी होती. पाहुणे बाहेर अंगणात कॉफी पीत होते आणि बेद्रींचा आवाज मोठा झाला होता, भीती सरली की माणसाचा होतो तसा. मी वितोरेच्या कानाशी वाकले. "पोर म्हणणार नव्हती गं," मी म्हटलं. मला वाटलं, तिला हे कळलं पाहिजे. वाटलं, तिला धक्का बसेल.

"माहीत आहे मला," वितोरे म्हणाली. तिने भांड्यावरून नजर उचलली नाही. "रात्रीच कळलं होतं, तिच्या गप्प बसण्यावरून. म्हणून तर मध्ये पडले. ती म्हणाली असती तर कशाला पडले असते?"

तिने वाडग्यात घेवड्याची आमटी घातली, मक्याच्या भाकरीचा तुकडा ठेवला आणि मुलीच्या पुढ्यात सारला. द्रांदेने वाडगा परत ढकलला. आमटी काठावरून सांडली.

"तुझ्या हातचं मला नको."

वितोरेने सांडलेलं पुसलं. वाडगा पुन्हा पुढे केला, आणि ह्या वेळी हात त्यावरून काढला नाही.

"खा," ती म्हणाली. "शाप दिलाय तो मी, तुला नाही द्यावा लागला. आता तुला तिरानाला डॉक्टरकी शिकायला जायचंय. खा म्हणते ना."

बाहेर कुणीतरी झेंड्यासाठी पेला उचलला. द्रांदे आईच्या हाताकडे बघत होती. मग तिने भाकरीचा तुकडा मोडला आणि रडत, रागाने, घासावर घास तोंडात कोंबायला लागली.